सुंभ न जळता पीळ सोडवणारा

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. पण ती पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली, त्याने दोर फार बारकाईने पाहिलेला असणार. सुंभ जळून राख झाला तरी राखेत वळ तसेच दिसतात. दोन पदरांनी एकमेकांभोवती किती वेढे घेतले, त्याची मोजदाद म्हणजे पीळ. दोन्ही टोकं घट्ट धरलेली असतील, तर दोर कितीही ओढा, वाकवा, हलवा, ही मोजदाद बदलत नाही. ती बदलायची तर पदर कुठेतरी तोडावाच लागतो.

डीएनए हाही दोन पदरांचा पिळलेला दोर आहे आणि त्याच्या पिळामुळे आपल्या पेशींचं काम सतत अडतं. ही अडचण सोडवणारं एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, आहे. (शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात, पण बोलताना सगळे एन्झाइमच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.) हे एन्झाइम डीएनएच्या एकाच धाग्यावर, एकटं, काम करताना माणसांनी प्रत्यक्ष मोजलं. त्या मोजण्यातून कर्करोगाच्या एका औषधाबद्दल एक नवी गोष्ट कळली. परीक्षानळीत ती दिसली नसती. मला ही सगळी कहाणी अतिशय आवडते, आणि तिचा एक धागा आपल्या नंदुरबारला आणि सह्याद्रीतल्या एका झाडालाही जाऊन भिडतो.

सुतळीचा प्रयोग

आधी अडचण नीट समजून घेऊ. दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्या. एक टोक दाराच्या कडीला घट्ट बांधा. दुसऱ्या टोकाचे दोन पदर दोन हातांत धरून, हात अजिबात न फिरवता, एकमेकांपासून दूर ओढा. चार-सहा बोटं सुतळी उलगडेल आणि मग हटून बसेल. उलगडलेल्या भागातला पीळ पुढे सरकून कडीच्या बाजूला जाऊन साठलेला असतो. सुतळी जराशी सैल सोडलीत, तर तो साठलेला पीळ तिला स्वतःभोवतीच वेटोळी घ्यायला लावतो.

पेशी दोन भागांत विभागण्याआधी डीएनएची नक्कल करते. त्यासाठी दोन पदर असेच वेगळे करावे लागतात. डीएनएचे दोन पदर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रासायनिक जोड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, आणि साधारण १०.५ जोड्यांमागे एक वेढा असतो. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू नक्कल करताना सेकंदाला सुमारे १,००० जोड्या उलगडतो. भागाकार केला तर दर सेकंदाला जवळपास ९५ वेढे सुटायला हवेत, म्हणजे मिनिटाला साडेपाच हजारांच्या वर. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो, त्यावरून अंदाज करा.

मग सगळा दोरच गरगर फिरला तर? छोट्या तुकड्याला ते जमेल. पण माणसाच्या पहिल्या गुणसूत्रातला डीएनए सुमारे २५ कोटी जोड्यांचा, म्हणजे सरळ केला तर आठ सेंटीमीटरहून लांब असतो. त्याची जाडी मात्र २ नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. एवढा लांब, एवढा बारीक धागा पेशीच्या दाटीवाटीत, जागोजागी प्रथिनांना बांधलेल्या अवस्थेत, टोकापासून टोकापर्यंत फिरू शकत नाही. कडीला बांधलेल्या सुतळीसारखीच त्याची स्थिती असते. पीळ पुढे साठत जातो आणि तो वेळीच सोडवला नाही, तर नक्कल करणारी यंत्रणा तिथेच थांबते.

१९७१ साली जेम्स वांग यांनी ई. कोलायमध्ये असं प्रथिन शोधलं, जे डीएनएचा पीळ उतरवतं. पुढच्याच वर्षी शाँपू आणि दुल्बेको यांना उंदराच्या पेशींतही त्याच कामाचं प्रथिन सापडलं. या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. आपल्या पेशींतल्या ज्या प्रकाराबद्दल मी बोलणार आहे, त्याला थोडक्यात टोपो-१ म्हणू.

टोपो-१ डीएनएभोवती चिमट्यासारखं बसतं आणि दोनपैकी एकच पदर तोडतं. तुटलेलं एक टोक ते स्वतःच्या अंगाला पक्क्या रासायनिक बंधाने जोडून ठेवतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि माणसाच्या टोपो-१ मध्ये हे काम त्या साखळीतल्या ७२३व्या जागेवरचं टायरोसिन हे अमिनो आम्ल करतं. दुसरं टोक मोकळं असतं. साठलेला पीळ त्या मोकळ्या टोकाला न तुटलेल्या पदराभोवती फिरवतो, वेढे सुटतात, आणि मग एन्झाइम दोन्ही टोकं पुन्हा सांधून टाकतं. तोडताना मिळालेली ऊर्जा त्या बंधातच राखून ठेवलेली असते, म्हणून सांधायला बाहेरून इंधन लागत नाही. सुंभ शाबूत राहतो आणि पीळ तेवढा जातो.

किती वेढे, एका दमात?

इथे एक साधा प्रश्न बरीच वर्षं अनुत्तरित होता. पदर एकदा तोडला की टोपो-१ किती वेढे सोडतं? दर वेळी एकच? की मोकळं टोक हवं तितकं गरगरतं आणि सगळा पीळ एका झटक्यात जातो?

परीक्षानळीत याचं उत्तर मिळणं अवघड आहे. तिथे अब्जावधी डीएनए आणि अब्जावधी एन्झाइम एकत्र असतात. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून जेलमध्ये, म्हणजे कमी-जास्त पिळाचे डीएनए वेगळे करणाऱ्या लिबलिबीत थरात, चालवला, तर सरासरी पीळ किती उतरला ते कळतं. एका एन्झाइमने दहा वेळा तोडून एकेक वेढा सोडला, की एकदाच तोडून दहा सोडले, याचा फरक सरासरीत बुडून जातो.

दिवे घाटातून पालखी चढतानाचं उंचावरून घेतलेलं चित्रीकरण तुम्ही पाहिलं असेल. सगळा घाट एकाच संथ वेगाने पुढे सरकतो आहे असं वाटतं. पण त्यात चाललेल्या एखाद्या माउलींसोबत चाललात, तर त्या अभंगाच्या ठेक्यावर झपझप जातात, मग फुगडीला थांबतात, पाणी पितात, मागे राहिलेल्या मैत्रिणीची वाट पाहतात, पुन्हा धावत दिंडी गाठतात. उंचावरून दिसणारा वेग खोटा नाही. फक्त त्या वेगाने नेमकं तसं चालणारं त्या गर्दीत कुणीच नसतं. एन्झाइमबद्दल आपलं बरंचसं ज्ञान अनेक दशकं असं उंचावरून मिळालेलं होतं. एकट्या रेणूवरचे प्रयोग म्हणजे घाटात उतरून एका वारकऱ्याबरोबर चालणं.

मण्याला टांगलेला धागा

डीएनएचा एक रेणू हातात धरायचा कसा? साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतही नाही. १९९२ साली स्टीव्हन स्मिथ, लॉरा फिन्झी आणि कार्लोस बुस्टामांते यांनी एक युक्ती केली. डीएनएचं एक टोक काचेला चिकटवलं, दुसऱ्याला एक चुंबकीय मणी लावला, आणि चुंबकाने व पाण्याच्या प्रवाहाने तो मणी ओढून पाहिला. धागा दिसत नसला तरी मणी दिसतो, आणि मणी जसा हलेल त्यावरून धाग्याचं काय चाललंय ते कळतं. पतंग ढगात दिसेनासा झाला तरी मांज्याचा ताण बोटाला सगळं सांगतो, तसं काहीसं.

१९९६ साली पॅरिसमधल्या एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेत डाव्हिड बेनसिमोन, व्हँसाँ क्रोकेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. डीएनएची टोकं त्यांनी एकेका बिंदूने न चिकटवता अनेक बिंदूंनी पक्की केली, म्हणजे धागा बुंध्याशी गोल फिरू शकणार नाही. मग वरचा चुंबक फिरवला. चुंबकाबरोबर मणी फिरतो, मण्याबरोबर डीएनए पिळला जातो. आता दोर ओढताही येत होता आणि मोजून पीळही देता येत होता. याला चुंबकीय चिमटा म्हणतात.

या यंत्राची रचना ऐकून लोकांना वाटतं की काहीतरी अवाढव्य असेल. मुख्य भाग म्हणजे दोन लहान, शक्तिशाली चुंबक, त्यांना वर-खाली करणारी आणि फिरवणारी मोटर, खाली सूक्ष्मदर्शकाचं भिंग आणि कॅमेरा. मधे दोन काचांच्या फटीत पाणी, मीठ आणि डीएनए. मणी एक ते तीन मायक्रोमीटरचा असतो. आपल्या केसाची जाडी ७०-८० मायक्रोमीटर धरली, तर मणी केसाच्या पंचविसाव्या भागाइतका किंवा त्याहून लहान.

ओढ किती द्यायची? इथली मोजमापं पिकोन्यूटनमध्ये असतात. आपल्या रक्तातल्या एका लाल पेशीचं हवेतलं वजन साधारण एक पिकोन्यूटन भरेल. टोपो-१ वरचे प्रयोग त्याच्या पाचव्या भागापासून काही पिकोन्यूटनपर्यंतच्या ओढीवर होतात.

एवढी बारीक ओढ मोजायला काटा कुठला आणायचा, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर कळलं त्या दिवशी मी खरोखर हरखून गेलो. पाण्याचे रेणू मण्याला सगळीकडून सतत धक्के देत असतात, त्यामुळे तो डावीकडे-उजवीकडे थरथरतो. धाग्याला बांधलेला मणी म्हणजे उलटा टांगलेला लोलक. ओढ जितकी जास्त, तितकं त्याचं डोलणं कमी. तेव्हा मणी किती डोलतो ते मोजायचं, धाग्याची लांबी मोजायची, तापमान माहीत असतंच. यावरून ओढ काढता येते. तीन मायक्रोमीटर लांबीच्या धाग्यावर ०.२ पिकोन्यूटन ओढ असेल, तर मणी सरासरी पाव मायक्रोमीटर इकडेतिकडे जातो, आणि एक पिकोन्यूटन असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. पाण्याची जी थरथर कुणालाही अडथळा वाटेल, तीच इथे तराजू होते.

मण्याची उंचीही अशीच आडवाटेने कळते. भिंगाच्या नाभीपासून मणी वर-खाली झाला की त्याच्या प्रतिमेभोवतीची गोल वलयं बदलतात. आधीच वेगवेगळ्या उंचीवरच्या वलयांचे फोटो काढून ठेवायचे आणि नंतर प्रत्येक चित्र त्यांच्याशी ताडून पाहायचं. अशी उंची काही नॅनोमीटरपर्यंत अचूक सांगता येते.

आता चुंबक फिरवू. सुरुवातीचे काही फेरे धागा सहन करतो. मग सुतळीसारखाच तो स्वतःभोवती वेटोळी घेऊ लागतो, आणि प्रत्येक नव्या फेऱ्याबरोबर मणी पन्नासेक नॅनोमीटर खाली येतो. नेमका आकडा ओढीवर ठरतो. पीळ जास्त दिला तरी मणी खाली येतो आणि उलट फिरवून पीळ कमी केला तरी खालीच येतो, कारण उणा पीळही धाग्याला वेटोळी घ्यायला लावतो. हे कमी ओढीवर घडतं. ओढ वाढवली तर उण्या पिळाच्या वेळी दोन पदरच एकमेकांपासून सुटतात आणि मणी जागचा हलत नाही.

अशी प्रयोगशाळा आतून कशी असते तेही थोडं सांगतो. मी पहिल्यांदा अशा यंत्रासमोर बसलो तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत एकही उपयोगी धागा मिळाला नाही. काही मणी काचेलाच चिकटून बसले होते. ते चिकटू नयेत म्हणून काचेवर आधी प्रथिनाचा थर देतात, आणि त्यासाठी पुष्कळदा दुधातलं केसिन वापरतात. काही मण्यांना एकाऐवजी दोन धागे लागले होते. तसं असेल तर पहिल्याच फेऱ्याला दोन्ही धागे एकमेकांवर चढतात आणि मणी दचकून खाली येतो, त्यावरून ते ओळखायचे. उरलेल्यांपैकी कितीतरी डीएनएंच्या एका पदराला कुठेतरी खाच पडलेली होती. चुंबक कितीही फिरवा, तो धागा त्या खाचेशी गिरकी घेतो आणि पीळ धरतच नाही. जेवणानंतर एका मण्याने पीळ धरला. दहा फेरे, खाली. आणखी दहा, आणखी खाली. उलटे वीस, पुन्हा वर. पडद्यावरची ती रेघ बघताना मला जाणवलं की मी डीएनएचा एकच रेणू पिळतो आहे आणि तो मला उत्तर देतो आहे.

पायऱ्यांची रेघ

२००५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे डॅनिएल कोस्टर, निंके डेकर आणि सहकाऱ्यांनी, न्यूयॉर्कच्या स्टुअर्ट शूमन यांच्या बरोबरीने, पॅरिसच्या क्रोकेत यांनाही सोबत घेऊन, टोपो-१ चा तो जुना प्रश्न हाती घेतला. त्यांनी घेतलेलं एन्झाइम व्हॅक्सिनिया विषाणूचं होतं. देवीच्या लशीत वापरायचे तोच हा विषाणू. त्याचं एन्झाइम आपल्या टोपो-१ च्या कुळातलंच, पण आकाराने लहान.

डीएनएला पीळ दिला, मणी खाली आला. मग एन्झाइम इतक्या कमी प्रमाणात सोडलं की एका वेळी धाग्यावर एकच बसेल. थोडा वेळ काही नाही. मग मणी एकदम वर उसळतो आणि थांबतो. पुन्हा वाट. पुन्हा उसळी. कागदावर ही रेघ पायऱ्यांसारखी दिसते. प्रत्येक पायरी म्हणजे एकदा तोडणं, काही वेढे सुटणं आणि पुन्हा सांधणं.

पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. काही बुटक्या, काही बऱ्याच उंच. लहान पायऱ्या पुष्कळ आणि मोठ्या क्रमाने विरळ, अशी त्यांची वाटणी होती. म्हणजे दर वेळी ठरलेला एक वेढा, ही कल्पना बाद झाली. सगळा पीळ एका दमात जाईलच असंही नव्हतं. तुटलेलं टोक फिरत असताना, प्रत्येक फेऱ्याला ते पुन्हा सांधलं जाण्याची थोडीशी शक्यता असते. कधी ते पहिल्याच फेऱ्यांत घडतं, कधी बऱ्याच फेऱ्यांनंतर. ओढ वाढवली, म्हणजे धाग्यातला पिळाचा जोर वाढला, तर एका पायरीत सुटणारे वेढेही वाढतात. जोराने फिरणारं टोक जागेवर पकडून सांधणं अवघड जातं.

उसळीचा वेगही बोलका होता. धागा अगदी मोकळा गिरकी घेईल त्याच्या मानाने मणी हळू चढत होता. याचा अर्थ फिरणारं टोक एन्झाइमच्या आतल्या पोकळीत घासत जातं. रहाटाची घागर सोडताना दोर तळहातात सैल धरला, तर घागर खाली जाते पण आदळत नाही, तशी ही घासण. एका प्रथिनाच्या पोटातलं घर्षण मोजलं गेलं, हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी क्षणभर थांबतो.

याच काळात इतर एन्झाइमवरही असे प्रयोग झाले. २००५ सालीच स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन ब्लॉक यांच्या गटाने आरएनए पॉलिमरेज हे जनुक वाचणारं एन्झाइम डीएनएवरून एकेक जोडी पुढे सरकताना मोजलं. ते पाऊल ०.३४ नॅनोमीटरचं, हायड्रोजनचे साधारण तीन अणू शेजारी ठेवले तर होईल तेवढं. त्यांचं साधन प्रकाशाचा चिमटा होतं. लेझरच्या झोताने मणी धरून ठेवण्याची ही रीत १९८६ साली आर्थर ॲश्किन यांनी दाखवली आणि २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. खोलीतल्या हवेच्या हलण्यानेही झोत थरथरू नये म्हणून ब्लॉक यांच्या गटाने त्याच्या वाटेतली हवा काढून हेलियम भरला होता.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा एक प्रयोग मात्र मला जास्त विचारात पाडतो. तिथे स्टीफन कोवाल्चिकोव्स्की यांच्या गटाने आरईसीबीसीडी या, तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या एन्झाइमचे अनेक रेणू एकेकटे पाहिले. सगळे एकाच घडणीचे, तापमान तेच, इंधन तेवढंच, तरी काही रेणू झपाट्याने डीएनए उलगडत होते आणि काही संथपणे, आणि प्रत्येक जण आपला वेग धरून राहत होता. मग २०१३ साली छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की मधे इंधन तोडून रेणूला थोडा वेळ थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं, तर काहींचा वेग बदललेला असतो. प्रथिनाची घडी किंचित वेगवेगळ्या प्रकारे बसू शकते आणि काम सुरू असताना ती तशीच राहते, असा त्याचा अर्थ. परीक्षानळीत हे सगळं 'सरासरी वेग' या एका आकड्यात मावलं असतं.

नंदुरबार, नरक्या आणि एक औषध

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. चीनमध्ये 'शी शू', म्हणजे आनंदवृक्ष, नावाचं झाड आहे. त्याच्या अर्कात कर्करोगाच्या पेशी मारण्याचा गुण दिसला होता. वॉल आणि वाणी यांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढला आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचं नाव कॅम्पटोथेसिन. पुढे १९७१ साली याच दोघांनी टॅक्सॉलची रचना जगापुढे ठेवली. एका माणसाच्या हातून कर्करोगाच्या दोन मोठ्या औषधकुळांची सुरुवात झाली. २०२० साली ते गेले. महाराष्ट्रात त्यांचं नाव अधिक घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हाच पदार्थ भारतातल्या एका झाडातही सापडला. ते झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नरक्या. त्याला घाण वास येतो, आणि त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थही 'दुर्गंधी' असाच आहे. पूर्वी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. औषधी कंपन्यांची मागणी वाढली तशी तोडही वाढली, आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलांतून नरक्याची लाकडं चोरून नेताना पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एक अख्खं झाड पाडून त्यातून थोडासा पदार्थ हाती येतो. हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

कॅम्पटोथेसिनचे पहिले रुग्णांवरचे प्रयोग त्रासामुळे थांबवावे लागले होते. ते काम कुठे करतं हेच ठाऊक नव्हतं. १९८५ साली लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवलं की त्याचं लक्ष्य टोपो-१ आहे. पदर तुटलेला असताना औषधाचा चपटा रेणू त्या तुटीच्या फटीत जाऊन बसतो आणि टोकं पुन्हा सांधू देत नाही. त्यानंतर या कुळाकडे पुन्हा लक्ष गेलं. कॅम्पटोथेसिनमध्ये फेरफार करून टोपोटेकान बनवलं गेलं आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

औषधाने पेशी का मरते, याचं सर्वांना पटलेलं स्पष्टीकरण असं होतं. टोपो-१ तुटलेल्या पदराला धरून अडकून पडतं. नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्यावर आदळते. एका पदराची तूट दोन्ही पदरांची होते. सतत विभागणाऱ्या कर्करोगाच्या पेशीत अशा धडका जास्त, म्हणून ती जास्त मरते.

डेल्फ्टच्या गटाने २००७ साली हेच औषध चुंबकीय चिमट्यात आणलं. या वेळी मेरी-ॲन ब्योर्नस्टी यांच्या गटाबरोबर, आणि माणसाचं टोपो-१ घेऊन. औषधाशिवाय मणी नेहमीसारखा उसळत होता. टोपोटेकान मिसळल्यावर उसळी कुठेतरी हरवली. तिच्या जागी लांबलचक, मंद चढ दिसू लागला. फटीत औषध बसलेलं असताना टोक पूर्ण अडकत नव्हतं. ते फिरत होतं, पण अतिशय रखडत.

आणि मग त्यांना हे दिसलं की चढाचा वेग पिळाच्या दिशेवर अवलंबून आहे. उणा पीळ असेल तर रखडत का होईना, तो सुटतो. जादा पीळ असेल तर रखडणं कितीतरी वाढतं.

सुतळी आठवा. पदर उलगडत पुढे जाताना कडीच्या बाजूला कोणता पीळ साठला होता? जादा. पेशीतही नक्कल करणाऱ्या यंत्रणेच्या पुढे जादा पीळच साठतो. जनुक वाचणारी यंत्रणा तर पुढे जादा आणि मागे उणा, असे दोन्ही पीळ सोडत जाते, हे लिऊ आणि वांग यांनी १९८७ सालीच मांडलं होतं. म्हणजे जो पीळ यंत्रणेच्या वाटेत उभा राहतो, नेमका तोच औषध सुटू देत नाही. धडक होण्याआधीच वाट आवळली जाते. जुनं स्पष्टीकरण यामुळे खोटं ठरत नाही, त्यात ही नवी भर पडते. संशोधकांनी लगेच यीस्टच्या जिवंत पेशींत तपासून पाहिलं, आणि कॅम्पटोथेसिन दिल्यावर तिथे खरोखर जादा पीळ साठलेला आढळला.

परीक्षानळीत जास्तीत जास्त एवढंच कळलं असतं की औषध दिल्यावर पीळ उशिरा उतरतो. उशीर तोडण्यात आहे, फिरण्यात आहे की सांधण्यात, आणि कोणत्या दिशेच्या पिळाला किती, हे एका मण्याच्या चढउताराने सांगितलं.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो फार चांगला आहे. शी शूसारख्या झाडाच्या पेशींतही डीएनए आहे, टोपो-१ आहे, आणि पानांत, सालीत कॅम्पटोथेसिन भरलेलं आहे. मग ते झाड स्वतःच्या विषाने कसं मरत नाही? २००८ साली जपानी संशोधकांनी अशी झाडं बनवत असलेलं टोपो-१ तपासलं. शी शूच्या एन्झाइममध्ये काही जागी अमिनो आम्लं बदललेली सापडली, आणि त्यामुळे औषध त्याला बाधत नाही. माणसाच्या एन्झाइमचे क्रमांक लावून पाहिलं, तर त्यातली महत्त्वाची जागा ७२२वी आहे. पदर तोडणाऱ्या ७२३व्या टायरोसिनच्या अगदी शेजारची. कॅम्पटोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशींतही बदल सापडला होता, आणि तोही त्याच ७२२व्या जागी.